भगवंताने घोड्यांस पाणी पाजले

(विजयादशमीच्या सायंकाळी मंदिराच्या सभामंडपात झालेल्या प्रवचनावरून)

आज विजयादशमी. सीमोल्लंघन करून, एकमेकांस आपट्याची पाने देऊन आपण सर्व मंडळी सहकुटुंब देवदर्शनास आला आहात. सभामंडपाच्या पायऱ्यांपलीकडे दृष्टी टाकली तर दुचाक्या व मोटारी ओळीने उभ्या दिसतात आणि प्रत्येकीच्या पुढच्या अंगास झेंडूची माळ आहे. हे पाहून मला संतोष वाटला. ज्याच्या योगाने आपला संसार चालतो, त्याचे वर्षातून एकदा तरी कृतज्ञतेने स्मरण करावे, हा वाडवडिलांचा दंडक आपण मोडलेला नाही. परंतु ती माळ पाहताना सहज मनात आले की, हा मान मूळचा कोणाचा? आपल्या पणजोबांच्या काळी आजच्या दिवशी पहाटे नदीवर नेऊन धुतला जाई तो घोडा. ज्याच्या कपाळी गंध आणि गळ्यात झेंडू पडे तो घोडा. वाहन बदलले, माळ तीच राहिली.

तथापि या दोन वाहनांत एक भेद आहे आणि आजचे सारे निरूपण त्या एका भेदावरच उभे आहे. मोटारीतील तेल संपले म्हणजे मोटार थांबते. धन्याने रागे भरावे, विनवावे किंवा लाथ मारावी, ती जागची हलत नाही. आपली रिकामी अवस्था ती स्वतःच जाहीर करते. घोड्याचे तसे नाही. घोडा रिकामा झाला तरी चालतो. पाठीवरचा स्वार म्हणेल तिथवर तो जातो आणि पुष्कळदा तेथे पोहोचल्यावरच कोसळतो. "पुरे" हा शब्द त्याच्यापाशी नाही. तेव्हा तो शब्द उच्चारण्याचे कर्तव्य कोणावर येते? ज्याच्या हाती लगाम आहे त्याच्यावर. आपल्या धर्माने हे कर्तव्य किती वरच्या पायरीवर ठेवले आहे, ते आज पाहू.

महाभारतातील द्रोणपर्वात युद्धाच्या चौदाव्या दिवसाची कथा आहे. आदल्या दिवशी अभिमन्यू पडला. पुत्रशोकाने जळणाऱ्या अर्जुनाने प्रतिज्ञा केली की, उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथास मारीन, न मारल्यास स्वतः अग्निप्रवेश करीन. ही प्रतिज्ञा आपणां सर्वांस ठाऊक आहे आणि सायंकाळी जयद्रथाचे मस्तक कसे उडाले तेही ठाऊक आहे. परंतु त्या दोहोंच्या मध्ये, भर दुपारी, एक प्रसंग घडला. कथेकरी तो बहुधा गाळतात, कारण त्यात ना शंख वाजतो, ना कोणाचे मस्तक उडते.

जयद्रथ अद्याप दूर होता. मध्ये कौरवांचे सैन्य पसरलेले. सूर्य माथ्यावरून ढळला होता. अशा वेळी अर्जुनाच्या ध्यानात आले की रथाचे पांढरे घोडे बाणांनी विंधले गेले आहेत, थकले आहेत. त्याने श्रीकृष्णास विचारले की, देवा, घोडे शिणले आहेत, सैंधव अजून लांब आहे, आता काय करणे उचित? आणि आपणच सुचविले की घोडे सोडावे, त्यांच्या अंगातील बाण काढावे. सज्जनहो, विचार करा. ज्या मनुष्याचे स्वतःचे प्राण सूर्याच्या गतीला बांधलेले आहेत, ज्याला एकेक घटका लाखमोलाची आहे, तो म्हणतो आहे की घोडे सोडा! आपल्यासारखा असता तर म्हणाला असता, "चार घटकांचाच प्रश्न आहे, हाणा, विश्रांती काय ती उद्या."

भगवंताने काय केले? त्यांनी ते मान्य केले. अर्जुन रथाखाली उतरला आणि गांडीव घेऊन पायउतार अवस्थेत सबंध सैन्यासमोर उभा राहिला. रथी रथाखाली आला, आता हा सापडला, असे समजून शत्रू चोहोंकडून लोटले. त्या सर्वांस त्याने जमिनीवर उभे राहून थोपवून धरले. भगवंत म्हणाले की येथे रणांगणात घोड्यांना पिण्यास पाणी नाही, आणि त्यांना या वेळी स्नानाहून पिण्याच्या पाण्याची गरज आहे. पाहा, काय हवे आणि काय नको हे ज्याला जनावराच्या तोंडाकडे पाहून कळते तो खरा सारथी. अर्जुनाने अस्त्राने भूमी भेदून तेथे सरोवर निर्माण केले व बाणांचेच एक घर उभारले. त्या घराच्या आडोशाला प्रत्यक्ष जगन्नाथाने घोडे सोडले. दोन्ही हातांनी त्यांच्या अंगातील बाण एकेक करून उपटले, त्यांची अंगे चोळली, त्यांचा शीण, तोंडचा फेस, अंगाचा कंप, जखमांचे दुःख, सर्व दूर केले. त्यांना फिरवून आणून पाणी पाजले. घोडे न्हाले, चारा खाल्ला, ताजेतवाने झाले, तेव्हाच त्यांना पुन्हा रथास जोडले. आणि हे सर्व करताना भगवंतांच्या मुखावर स्मित होते, असे व्यास सांगतात. बाहेर सैन्य गर्जते आहे, वर सूर्य ढळतो आहे, आणि आत परमेश्वर घोड्यांना खरारा करीत आहे! अश्वसेवेत तो निष्णात होता, अशी ग्वाही व्यासांनी तेथे देऊन ठेवली आहे. गोवर्धन उचलणाऱ्याचे स्तवन पुष्कळांनी केले. घोड्याच्या अंगातील काटा काढणाऱ्याचे स्तवन व्यासांनी एका वाक्यात केले, पण करावयास ते विसरले नाहीत.

या प्रसंगी कोणी शंका घेईल की, हे युद्धाचे शहाणपण झाले; घोडे ताजे नसते तर जयद्रथ हाती लागला नसता, म्हणून केले. शंका बरोबर आहे, पण अपुरी आहे. उपयोगासाठीच करावयाचे असते तर पाणी पाजून काम भागले असते. आणि ते काम करावयास स्वतः भगवंतच कशाला हवे होते? आपल्या उपयोगाच्या वस्तूची निगा राखणे वेगळे आणि आपल्यासाठी झिजणाऱ्या जीवाच्या जखमेला स्वतः हात लावणे वेगळे. पहिले व्यवहार आहे, दुसरे धर्म आहे. आणि गंमत अशी की जो दुसरे करतो त्याचे पहिलेही साधते. सायंकाळी प्रतिज्ञा पुरी झालीच.

आता हे ध्यानात घ्या की गीता सांगणाऱ्याच्या हातात त्या वेळी दुसरे काही नव्हते, याच घोड्यांचे लगाम होते. गीतेच्या पहिल्या अध्यायातच पांढरे घोडे जोडलेल्या त्या थोर रथाचा उल्लेख येतो. अर्जुनाच्या दहा नावांपैकी एक नाव श्वेतवाहन. म्हणजे योद्ध्याची ओळखच त्याच्या घोड्यांवरून पडली. उपनिषदाकडे वळलो तर कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे, असे रूपक आहे. हे रूपक आपण इंद्रियदमनाचे म्हणून ऐकतो. परंतु ऋषींनी तेथे घोडे मारावे, उपाशी ठेवावे किंवा रक्तबंबाळ होईतो ओढावे, असे म्हटलेले नाही. ज्याची बुद्धी जागी आहे त्याचे घोडे चांगल्या सारथ्याच्या चांगल्या घोड्यांसारखे होतात, असे म्हटले आहे. घोडा वाईट निघाला तर उपनिषद प्रथम सारथ्याकडे बोट दाखविते. तात्पर्य, सारथ्य म्हणजे केवळ हाकणे नव्हे.

याच महाभारतात नलराजाची कथा आहे आणि तिचा शेवट आपल्या विदर्भात होतो. राज्य गेले, पत्नीचा वियोग झाला, रूप पालटले, आणि निषधांचा राजा बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाच्या पागेत चाकरीला राहिला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आली आणि एका दिवसात कुंडिनपूर गाठावयाचे ठरले. तेव्हा नलाने पागेतून निवडलेले घोडे पाहून ऋतुपर्णास राग आला. हे अशक्त, रोडके घोडे आपल्याला काय नेणार? पण नलाला बाह्य मांस दिसत नव्हते, आतला दम दिसत होता. राजा घाईने रथात चढला तेव्हा ते घोडे गुडघ्यांवर जमिनीस टेकले. दुसरा कोणी असता तर आसूड उगारता. नलाने काय केले? त्याने त्यांचे सांत्वन केले. त्यांना धीर दिला, आणि मग लगाम हाती घेतले. पुढे ते घोडे असे धावले की राजाचे उपरणे खाली पडले तेव्हा ते उचलून आणण्याइतकाही मागचा मार्ग जवळ राहिला नव्हता. गुडघे टेकलेल्या घोड्याला आधी दोन गोड शब्द, मग लगाम, हा नलाचा क्रम.

हा क्रम मी पोथीत वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिला होता. त्या वेळी मात्र तो मला कळला नाही. ती हकीकत सांगतो, कारण दुसऱ्याचे दोष सांगण्यापेक्षा आपला सांगितलेला बरा.

१९६४ साल. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. चुलत बहिणीच्या लग्नासाठी काका, काकू, आत्या, मी आणि दोघे लहान भाऊ स्टेशनावर उतरलो. पाऊस नुकता ओसरला होता. गाडीला उशीर झालेला, मुहूर्त जवळ आलेला. एकाच टांग्यात आम्ही सहा जण, दोन ट्रंका आणि लाडवांचे डबे घालून बसलो. टांगेवाला वृद्ध मुसलमान होता. त्याने "दोन टांगे करा, मालक," असे एकदा म्हणून पाहिले; काकांनी ऐकले नाही. गावात शिरताना चढ लागतो, तेथे ओल्या दगडांवर घोडा घसरला आणि पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर आला. ट्रंक खाली पडली. आम्ही ओरडलो. आणि मी, ज्याला त्या वर्षी संस्कृतात पहिले बक्षीस मिळाले होते, तो मी ओरडून म्हणालो, "अहो, बघता काय? चाबूक मारा, उठेल!"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. तो खाली उतरला. ट्रंकेकडे न जाता आधी घोड्याच्या तोंडापाशी गेला. तंग सैल केला, मानेवरून हात फिरविला, कानाशी काही पुटपुटला. आपल्या डोक्याचा पटका सोडून त्याने घोड्याचे गुडघे पुसले; पटक्यावर रक्त उमटले. मग आपल्या पिण्याच्या लोट्यातले पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या तोंडास लावले. घोडा उठला तेव्हा त्याचे चारी पाय थरथरत होते. म्हातारा आमच्याकडे वळून एवढेच म्हणाला, "सगळ्यांनी उतरा." काका म्हणाले, "मुहूर्त चुकेल." तो म्हणाला, "मालक, तुम्हाला मुहूर्त कळतो. त्याला काय होतंय ते मला कळतं. ते बोलत नाही, म्हणून मला बघावं लागतं." आम्ही उतरलो. नेसूचा शालू सावरीत काकू, धोतर वर खोचून काका आणि मान खाली घालून मी, असे चढ पायी चढलो. लगाम धरून तोही पायीच चालत होता. मुहूर्त चुकला नाही. परंतु मुहूर्त साधला म्हणून जो आनंद झाला त्यापेक्षा त्या वाक्याची लाज मला अधिक काळ पुरली. पुढे द्रोणपर्व वाचताना भगवंत घोड्यांच्या अंगास हात लावतात तेथे आलो, आणि माझ्या डोळ्यांपुढे मुरलीधराची मूर्ती आली नाही. रक्ताने भरलेला तो पटका आला.

सज्जनहो, आपल्या मराठी मुलुखाचा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला, असे आपण अभिमानाने म्हणतो. भीमा-नीरेच्या काठची भीमथडीची तट्टे अंगाने लहान, पण डोंगरवाटांना चिवट. त्यांच्यावर बसून आपली माणसे अटकेपर्यंत गेली. संताजी-धनाजींच्या धाकाने मोगलांचे घोडे पाण्याला बिचकू लागले, तेव्हा त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय, असे स्वार विचारीत, अशी आख्यायिका आहे. तीत एक सत्य आहे. स्वाराच्या मनातले भय घोड्यास कळते. मांडीचा ताण, हाताचा कंप, श्वासाची गती, एवढ्यावरून तो धन्याचे अंतःकरण वाचतो. आपले अंतःकरण तो असे वाचीत असता आपण त्याचे किती वाचतो, हा प्रश्न आहे.

तो प्रश्न ज्यांनी स्वतःस विचारला असे एक राजे आपल्याकडे होऊन गेले. शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सभासदाने बखरीत नोंदविली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, आणि दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद. पखालजी म्हणजे पाण्याची पखाल वाहणारा. म्हणजे राज्याच्या मूळ व्यवस्थेतच घोड्याचे पाणी बसविलेले होते. ते कोणाच्या मर्जीवर सोडले नव्हते. १६७३-७४ च्या सुमारास चिपळुणास छावणीला असलेल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये या अर्थाने आपण त्याची आठवण काढतो. पण पत्राचा आरंभ होतो तो घोड्यांच्या दाणावैरणीपासून. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच मनास येईल तसे उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील; आणि तसे झाले तर ती घोडी तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील, गवताच्या गंजीस आग लागेल आणि मग घोडी वाचणार नाहीत, इथपर्यंत बारीक सूचना त्यात आहे. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर उभा असलेला राजा उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करतो! घोडा उपासाने मेला तर दैवाने मेला नाही, तुझ्या गाफीलपणाने मेला, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे पत्र विरळा. आणि पुढे १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर काय झाले ते स्मरा. १४ तारखेचे युद्ध होण्याआधीच रसद तुटली होती, दाणावैरण सरली होती, आणि छावणीत घोडी भुकेने मरत होती. ज्या घोड्यांवर दख्खनपासून दिल्लीपर्यंत आलो, ती आधी पडली. मग माणसे पडली.

हळदीघाटाच्या चेतकाची कथा आपल्या मुलांना पाठ असते. जखमी अंगाने धन्याला पैलतीरी नेऊन मगच प्राण सोडणाऱ्या त्या घोड्याबद्दल कोणाचे डोळे पाणावणार नाहीत? परंतु मला असे वाटते की घोड्याच्या स्वामिनिष्ठेची गाणी गाताना आपण एक हिशेब टाळतो. निष्ठा ही एकाच बाजूने असेल तर तिला नाते म्हणता येईल काय? घोड्याने आपली बाजू सहस्र वर्षे पुरी केली. आपल्या बाजूचे काय?

येथे आपल्या बेळगाव भागाने मान ताठ ठेवावी अशी एक गोष्ट आहे. चिकोडी तालुक्यातील अंकली हे गाव आपण जाणता. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याची घडी बसविली, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी अश्वांची सेवा आपणाकडे घेतली. ती आजही चालू आहे. दरवर्षी ज्येष्ठात अंकलीहून दोन अश्व आळंदीकडे निघतात आणि मजल दरमजल करीत पायी जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही. तो माउलींचा अश्व. त्याच्या खोगिरावर स्वतः ज्ञानोबाराय आहेत, अशी वारकऱ्यांची भावना. रिंगणात तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती उचलून लोक कपाळी लावतात. मीही लावली आहे. ती लावताना माझ्या मनात एकच विचार आला. रिकाम्या खोगिरावर जर आपल्याला देव दिसतो, तर भरल्या खोगिराखाली तो का दिसू नये? ज्याच्यावर कोणी बसत नाही तो घोडा पूज्य, आणि ज्याच्यावर सारे बसतात त्याच्या तोंडातले रक्तही दिसू नये, हे माउलींना रुचेल काय?

तोंडातले रक्त हे मी अलंकाराने बोलत नाही. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीची उघडी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तेथे बसते. ती जागा फार नाजूक. तेथे गुळगुळीत कडीनेही कठोर हात दुःख देऊ शकतो. मग काटे असलेली कडी काय करील? तरी घोडा कुत्र्यासारखा विव्हळत नाही. रानात जो दुबळा दिसतो त्याच्यावर श्वापद झडप घालते, म्हणून दुखणे लपविण्याची सवय निसर्गानेच त्याला लावून दिली आहे. त्याचे मौन म्हणजे समाधान, असा अर्थ आपण सोयीने काढतो. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९६५ साली ओझ्याच्या जनावरांविषयी नियम झाले. दिवसात एकंदर ९ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. जेथे उष्णता ३७ अंशांपलीकडे जाते तेथे दुपारी १२ ते ३ त्याला जुंपू नये. काटेरी लगाम वापरू नये. जनावराच्या गाडीत हाक्या व लहान मुले सोडून चारांहून अधिक माणसे बसवू नयेत. हे वाचले तेव्हा आमचा तो टांगा मला आठवला. त्या म्हाताऱ्याने आदल्याच वर्षी तोच नियम आम्हांला चढावर सांगितला होता, "सगळ्यांनी उतरा."

कोणी म्हणेल, महाराज, आता घोडे राहिले कोठे? टांगे गेले, पागा गेल्या. राहिले आहेत. आपल्या घरच्या लग्नात नवरदेव ज्या घोडीवर बसतो ती आहे. कर्णे आणि फटाके यांच्या गदारोळात तिला तास तास उभे केले जाते. तिने अंग आखडले की लगामाला हिसका बसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे रस्त्याने जाताना आपण पाहता. पुढे मेंढरे, आणि मागे तट्टावर सारा संसार: भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकते जन्मलेले कोकरू, कधी तान्हे मूलही. ती धनगरीण ओझे चढविण्यापूर्वी तट्टाच्या पाठीवरून हात फिरवून पाहते, पाठ सोलली आहे काय ते. तिने द्रोणपर्व वाचलेले नाही. तिला त्याची गरज नाही. गरज आहे ती आपल्याला.

आणि घोडेवाल्यावर रागावून हा प्रश्न सुटावयाचा नाही, हेही बोलून ठेवतो. त्याचे पोट त्या घोड्यावर आहे. वरात दोन तास लांबवून तेवढेच पैसे हातावर ठेवणारे आपण, आणि निर्दय मात्र तो, हा न्याय नव्हे. काटेरी लगामाची एक दोरी त्याच्या हातात असेल, पण दुसरी आपल्या घाईच्या हातात असते.

सज्जनहो, हे केवळ घोड्यापुरते आहे काय? आपल्या घराघरांत असे एखादे माणूस असते की जे "पुरे" म्हणत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी सून असेल, नातवंडे सांभाळणारी म्हातारी आई असेल, चार घरची भांडी घासून पाचव्या घरी येणारी बाई असेल. ती चालत आहे म्हणून ती ताजी आहे, असे समजू नका. घोड्याच्या तोंडाकडे पाहावयास जो शिकला, तो माणसाच्या तोंडाकडे पाहावयास आपोआप शिकतो. म्हणून घोड्याची कथा.

पैठणच्या नाथांची गोष्ट सांगून आवरतो. काशीचे गंगाजल कावडीत घेऊन ते रामेश्वरास चालले होते. वाटेत तापल्या वाळूत तहानेने तडफडणारे एक गाढव दिसले. नाथांनी कावड सोडली आणि ते सर्व जल त्याच्या मुखात घातले. बरोबरचे लोक हळहळले की यात्रा निष्फळ झाली. नाथांना वाटले की रामेश्वर येथेच भेटला. भगवंतांनी घोड्यांना पाणी पाजले, छत्रपतींनी पखालजी नेमले, नाथांनी कावड रिती केली, टांगेवाल्याने लोट्यातले पाणी दिले. चौघांची जात वेगळी, काळ वेगळा, पण पाणी एकच.

आता व्यवस्थापक मंडळींना व आपणां सर्वांना हात जोडून दोन गोष्टी मागतो. आपल्या देवळाच्या मागे विहिरीशेजारी एक दगडी डोणी आहे. पूर्वी यात्रेच्या घोड्या-बैलांसाठी ती भरून ठेवीत. गेली कित्येक वर्षे तीत आपण निर्माल्य टाकतो. ती या आठवड्यात मोकळी करू, घासू आणि रोज सकाळी दोन घरांनी पाळीने भरू. एका मोठ्या घोड्यास दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते. उन्हात काम असेल तर त्याहूनही अधिक. एका मुक्या पाहुण्याची तहान भागली तरी ती डोणी देवाच्या अभिषेकपात्राच्या बरोबरीची ठरेल. दुसरे असे की, पुढील उत्सवाच्या मिरवणुकीस किंवा घरच्या वरातीस घोडा आणाल, तर आणणाऱ्याशी दर ठरविण्याआधी त्या घोड्याचे तोंड उघडून पाहा, पाठीवरून हात फिरवा, त्याला पाणी दाखवा. आणि वरात वेळेत संपवून घोडेवाल्यास ठरल्याहून दोन रुपये जास्त द्या.

आज घरी जाताना आपापल्या वाहनावरील झेंडूची माळ जरूर पाहा. ती ज्याच्या गळ्यातून आपल्याकडे आली त्याचे स्मरण करा. लगाम हाती असणे हा अधिकार आहे खरा. परंतु वेळ आली की रथाखाली उतरणे, हे सारथ्य आहे. ते ज्याने स्वतः करून दाखविले, त्या पार्थसारथीच्या चरणी ही वाक्सेवा ठेवतो. बोलण्यात उणे-अधिक झाले असल्यास वडीलधाऱ्यांनी पदरात घ्यावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥